अकरावं पुस्तक

माणसाला गर्व कशाचा वाटेल याचा काही नेम नाही. कुणाला रूपाचा असतो, कुणाला पैशाचा, कुणाला नुसत्या मिशांचा. आमच्या या प्रूफरीडरला गर्व होता एका पुस्तकाचा. आणि गंमत म्हणजे ते पुस्तक त्याने लिहिलेलं नव्हतं, की त्याच्याजवळही नव्हतं.

छापखान्यात त्याचं काम चुका काढायचं. औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रकं, शाळेची पुस्तकं, कंपन्यांचे अहवाल, जे येईल ते लाल पेनाने तपासायचं. तीस वर्षं हेच केलेलं, त्यामुळे पेन खिशात ठेवलं तरी डोकं काही बंद व्हायचं नाही. दुकानांच्या पाट्या वाचून तो रस्त्यात चुकचुकायचा. चहा दोनदा गाळला नाही तर तो चहाच नव्हे, असं त्याचं मत. मत कसलं, कायदाच. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकायला हवं, हा दुसरा कायदा. लग्न केलं नाही. दोन-तीन मुली पाहिल्या होत्या, पण एकीने त्याच्यासमोर चहात बिस्किट बुडवलं आणि दुसरीला कादंबऱ्या म्हणजे 'टाइमपास' वाटायच्या. नापास!

घरात तो आणि त्याची ताई. ताई अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा तीन वर्षांचा होता, ही चौदाची. लोकांची धुणीभांडी करून तिने याला वाढवलं, शिकवलं. पुढे इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुता धुता ती निवृत्त झाली. हा छप्पन्न वर्षांचा झाला तरी ती त्याला 'बाळ'च म्हणायची. संध्याकाळी तो पेपर मोठ्याने वाचायचा, प्रत्येक बातमीवर आपलं मत द्यायचा आणि ताई शेंगा सोलत "असेल बाबा" म्हणायची. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

आता त्या पुस्तकाकडे येऊ. 'घड्याळजी' नावाची वीस कादंबऱ्यांची एक मालिका होती. घड्याळजी म्हणजे गावोगाव फिरून घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा. खांद्याला पेटी आणि सोबतीला लंबक नावाचं तिरसट गाढव. ज्या घरातलं घड्याळ बंद पडलेलं, त्या घरात काहीतरी काळंबेरं घडलेलं असायचंच. घड्याळजी घड्याळ उघडायचा आणि हळूहळू घरातल्या माणसांनाही. एकेकाळी या पुस्तकांनी लोकांना वेड लावलं होतं. पुढे टीव्हीवर त्याची मालिका आली आणि वेड आणखी पसरलं.

या वेड्यांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पस्तीस-चाळीस जण जमायचे आणि घड्याळजी किल्ली डाव्या हाताने द्यायचा की उजव्या, यावर दोन-दोन तास भांडायचे. वासरात लंगडी गाय शहाणी, आणि ती गाय म्हणजे आमचा प्रूफरीडर. तोंडावर सगळे त्याला 'सर' म्हणायचे, पाठीमागे 'शुद्धिपत्र'. ज्यांनी पुस्तकं वाचली ते 'पुस्तकवाले', जे टीव्हीमुळे आले ते 'पडदेवाले'. पडदेवाल्यांनी मागे बसायचं, चहाचे कप गोळा करायचे, आणि अकरा प्रश्नांची परीक्षा पास होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

या परीक्षेतला अकरावा प्रश्न अकराव्या पुस्तकावरचा असायचा. खरी मेख तिथेच होती. अकरावं पुस्तक कुणी वाचलेलंच नव्हतं! पन्नास वर्षांपूर्वी ते छापून झालं आणि प्रेसच्या गोदामाला आग लागली. मोजक्या प्रती काय त्या बाहेर गेल्या होत्या. लेखकाने ते पुन्हा छापू दिलं नाही आणि एक दिवस तोही गेला. आख्ख्या मंडळात ते पुस्तक वाचलेला एकच माणूस, आमचे सर. "सहा वर्षांचा होतो मी," तो सांगायचा, "विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस अंथरुणात. तेव्हा वाचलंय." आणि मग तो बोगद्याचा प्रसंग सांगायचा. खाणीच्या बोगद्यात एक आजारी मुलगा अडकलेला, पाणी चढत चाललेलं, लंबक तोंडात कंदिलाची कडी धरून उभा, आणि घड्याळजी तो कंदील आपल्या हातात घेऊन त्या मुलाला म्हणतो, "दिवा मी धरतो, तू पाऊल टाक." ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तीस वर्षं मंडळाची प्रत्येक सभा सगळ्यांनी उभं राहून हे वाक्य म्हणून संपायची. मंडळातल्या एका दातांच्या डॉक्टरने तर ते आपल्या दवाखान्यात चौकट करून लावलं होतं.

"पण सर, शेवटी तो मुलगा बाहेर येतो का?" नवा कुणीतरी हमखास विचारायचा.

सर मंद हसायचा. "शेवट सांगायचा नसतो."

खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवट त्यालाही माहीत नव्हता. ते पुस्तक त्याने वाचलं नव्हतंच. ताईने ते कामाच्या घरातून पदराआड लपवून आणलं होतं आणि रोज दुपारी उशाशी बसून त्याला वाचून दाखवलं होतं. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, पुस्तक परत गेलं, आणि मुलगा राहिला बोगद्यात. 'वाचून दाखवलं'चं 'वाचलं' कधी झालं, ते त्यालाही आठवत नव्हतं. एवढीशी दुरुस्ती. लाल पेनाने माणूस रोज याहून मोठ्या करतो.

वर्षापूर्वी औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी मंडळात आली. पडदेवाली. पण तिने नंतर सगळी पुस्तकं शोधून वाचली होती. परीक्षेला उभी राहिली ती दहाच्या दहा उत्तरं बरोबर. अकराव्याला म्हणाली, "सर, जे पुस्तक मिळतच नाही, त्यातला प्रश्न विचारण्यात काय अर्थ? आणि मंडळात म्हणतात तेच वाक्य सांगायचं, तर ती नुसती घोकंपट्टी झाली."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"ज्याला खरी ओढ असते त्याला पुस्तक मिळतं," तो म्हणाला. "बाकीच्यांनी मालिका बघावी. दिवसभर गोळ्या मोजणाऱ्या माणसाला मोजता येईल तेवढंच कळणार. तुझं काय चुकलं त्यात?"

लोक खो खो हसले. मुलगी लाल झाली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. पण आली मात्र दर महिन्याला. कप गोळा करायची आणि ऐकत राहायची.

आणि मग तो दिवस आला. सरांनी पंधरा वर्षं खपून केलेला 'घड्याळजी कोश' छापून तयार होता, तीनशे प्रती. त्या रविवारी त्याचं प्रकाशन, आणि त्याच सभेत सरांना मंडळाचा कायमचा अध्यक्ष करायचं ठरलेलं. दातांच्या डॉक्टरचाही त्या खुर्चीवर डोळा होता, पण अकराव्या पुस्तकापुढे त्याचं काय चालणार? कोशाची पहिली प्रत ताईच्या हातात द्यायची, हे सरांनीच ठरवलं होतं. आत अर्पणपत्रिका होती: 'जिने मला वाचनाची गोडी लावली, त्या ताईला.' आदल्या दिवशी त्याने ते पान तिला दाखवलं तेव्हा तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान छापलंय रे बाळ."

सभेला ताई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. भाषणं सुरू होणार एवढ्यात मागून औषधवाली मुलगी धावत पुढे आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सर, मिळालं! अकरावं पुस्तक! एक जुनं वाचनालय मोडीत काढलं, त्यांच्या रद्दीत होतं."

हॉलमध्ये एकच कल्लोळ. सरांच्या छातीत धडधडलं, पण आनंदानेच. "थांबा," त्याने हात वर केला. "उघडू नका. मुखपृष्ठ मी सांगतो. निळा रंग. डोंगरातल्या पायऱ्या. घड्याळजीच्या हातात कंदील आणि मागे लंबक, एक कान मोडलेला."

मुलीने कागद काढला. निळा रंग, पायऱ्या, कंदील, मोडलेला कान! टाळ्या थांबेनात. काही जण उभे राहिले. आयुष्यात एवढा मोठा क्षण माणसाला एकदाच मिळतो, आणि बऱ्याचदा तो जास्तच मोठा निघतो.

"बोगदा वाचा, सर!" कुणीतरी ओरडलं.

त्याने पुस्तक उघडलं. पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. चौथ्या पानावर लंबक मरत होता. सरळ दरीत कोसळून. बाराव्या पुस्तकापासून तो का दिसत नाही, ते कोडं इथे सुटत होतं. पुढे कुणा जमीनदाराच्या मृत्युपत्राची भानगड, दोन वकील, एक विष दिलेला काका. खाण नाही, पाणी नाही, मुलगा तर औषधालाही नाही.

"सर," मुलगी हळूच म्हणाली, आणि तिच्या आवाजात खुन्नस नव्हती, खरोखरचं कोडं होतं. "मी तीनदा वाचलं. बोगदा यात नाहीच आहे. मला वाटलं माझंच काही चुकत असेल."

दातांचा डॉक्टर उठला. आयती संधी कोण सोडतो? "मग तीस वर्षं तुम्ही आम्हाला काय शिकवलंत हो? लोकांना नापास कशावर केलंत?"

सरांची पाचावर धारण बसली. त्याने ताईकडे पाहिलं. ताई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. आणि त्या एका क्षणात पन्नास वर्षं त्याच्यासमोर उलगडली. "डोळे दुखतायत, तूच वाच रे." बँकेत तीच एक घोटवलेली सही. गोळ्यांच्या बाटल्यांना बांधलेले रंगीत दोरे, सकाळचा लाल, रात्रीचा पांढरा. लाईटचं बिल आलं की "काय म्हणतात ते?" जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाच्या घरातच दिव्याखाली अंधार. ताईला वाचता येत नव्हतं. कधीच आलं नव्हतं. एकवीस दुपारी तिने मुखपृष्ठावरचं चित्र बघून, कामाच्या घरी कानावर पडलेली नावं घालून, मनाने रचून, तापाने फणफणलेल्या पोराला जगवलं होतं.

अजूनही सुटका होती. "माझ्या आठवणीत घोळ झाला" म्हणून मोकळं होता आलं असतं. खुर्ची गेली असती, दुसरं काय? पण खुर्ची गेली की उरलं काय? आणि तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"ताई, जरा वर ये."

ती दोन पायऱ्या चढून व्यासपीठावर आली. त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच. पहिल्या पानावरची पहिली ओळ."

"बाळ, चष्मा नाही आणला रे मी."

दातांच्या डॉक्टरने आपला चष्मा पुढे केला. मागोमाग आणखी दोघांनी. तीन चष्मे तिच्यापुढे आले. तिने एक घेतला आणि लावला. तिने भावाकडे बघितलं, खूप वेळ. मग पुस्तकावर नजर टाकली आणि त्याच जुन्या वाचायच्या आवाजात, सावकाश, शब्दागणिक थांबत तिने सुरू केलं. "पाणी गुडघ्याला लागलं होतं. मुलाचं अंग चटकत होतं. लंबक म्हणाला, मी काही इथून हलत नाही..."

औषधवाली मुलगी रडत होती.

"पुरे," सर म्हणाला. "तिथे तसलं काही लिहिलेलं नाही. माझ्या बहिणीला वाचता येत नाही. लहानपणी हिने मला फसवलं. मी सहा वर्षांचा होतो, मला काय कळणार? तुमच्याइतकाच मीही फसलोय."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. कारण हसणं सोपं असतं, आणि आपण तीस वर्षं कशावर रडलो हे झाकायला बरं पडतं.

"मला तर ते वाक्य पहिल्यापासून खटकायचं," दातांचा डॉक्टर म्हणाला. चौकट लावणारा हाच बरं का! "आणि बोलणारं गाढव! घड्याळजीत कधी गाढव बोलतं का?"

"एकदम रडवं होतं ते," दुसरा म्हणाला. "भांडी घासता घासता रचल्यासारखं."

"खऱ्या पुस्तकात चौथ्या पानावर गाढव मारलंय, बघा ना. केवढं धाडस! हा खरा लेखक." हे ज्या बाईंनी म्हटलं त्यांनी अजून ते पुस्तक हातातही घेतलं नव्हतं.

"भाषाच भिकार होती," सर म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने. "लहान होतो, नाहीतर तेव्हाच ओळखलं असतं."

वारा येईल तशी पाठ. सर फसवणुकीचा बळी ठरला, लोकांना त्याची दया आली आणि कायमच्या अध्यक्षपदावर तो एकमताने निवडून आला. टाळ्यांच्या गडबडीत ताईने चष्मा ज्याचा त्याला परत दिला, आणि पायऱ्या उतरताना तिला हात द्यायला औषधवाली मुलगी तेवढी पुढे झाली. कोशाची पहिली प्रत दातांच्या डॉक्टरने स्वीकारली.

घरी ताईने रोजच्यासारखं जेवायला वाढलं. तो मान खाली घालून जेवत होता. तिने एकच विचारलं.

"बाळ, मी पुस्तक उलटं तर नव्हतं ना धरलं?"

"नाही," तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.

आता कोशाचं काय करायचं? तीनशे प्रती फेकून थोड्याच देता येतात? त्याने छापखान्यातून छोट्या चिठ्ठ्या छापून आणल्या. शुद्धिपत्र. 'अकराव्या पुस्तकाविषयीच्या सर्व नोंदी चुकीच्या असून त्या वगळाव्यात. पान तीनवरील अर्पणपत्रिका वगळावी.' चिठ्ठ्या प्रत्येक प्रतीत चिकटवायच्या होत्या आणि त्याला कामावर जायचं होतं. ताईच म्हणाली, "ठेव इथे, मी लावते." चार दिवस डिंकाची वाटी घेऊन ती खिडकीशी बसली आणि तीनशे चिठ्ठ्या तिने एका रेषेत, एकही वाकडी न होता चिकटवल्या. संध्याकाळी तो त्या तपासायचा. चूक एकही निघाली नाही. चिठ्ठीत काय लिहिलंय ते तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. लाज वाटली का त्याला? वाटली असेल. पण 'अगं, राहू दे' म्हणण्याइतकी नक्कीच नाही वाटली.

मात्र एक गोष्ट बदलली. ताईने लपवणं सोडून दिलं. बिल आलं की ती जिन्यात उभी राहून शेजारणीला खणखणीत आवाजात सांगायची, "वाचून दाखवा हो. मला येत नाही. सगळ्यांना माहीतच आहे आता." आणि रोज दुपारी ती औषधांच्या दुकानात जाऊ लागली. मुलीने तिला एक पाटी आणून दिली होती. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोघी काउंटरमागे अक्षरं गिरवत बसायच्या.

पुढच्या महिन्याची सभा झाली. कायमचे अध्यक्ष मधल्या खुर्चीत बसले. अकराव्या पुस्तकावर तासभर चर्चा झाली. पुस्तक सुमार होतं हे सगळ्यांना दिसत होतं, पण ते बोलायची कुणाची छाती नव्हती. सभा संपली. सगळे सवयीने उभे राहिले. म्हणायचं वाक्य तर रद्द झालेलं, त्यामुळे सगळे अवघडून एकमेकांकडे बघत राहिले. आणि त्या शांततेत सरांच्याच तोंडून ते निघून गेलं, मोठ्याने, एकट्याच्या. "दिवा मी धरतो, तू पाऊल टाक."

हॉलमध्ये हशाचा स्फोट झाला.

"अहो अध्यक्ष, ते तुमच्या ताईंचं!" दातांचा डॉक्टर पोट धरून म्हणाला. "शुद्धिपत्रालाच शुद्धिपत्र लावा आता कुणीतरी!"

तो जिना उतरून रस्त्याला लागला तेव्हा कान तापले होते. पण चालता चालता त्याच्या लक्षात आलं, आपल्याला ना त्या खुर्चीचं पडलंय, ना त्या हसणाऱ्यांचं. पन्नास वर्षं एक मुलगा बोगद्यात उभा आहे, गुडघाभर पाण्यात. त्याचं काय झालं हे सांगणारं पुस्तक जगात कुठेच नाही, जळालेल्या गोदामातही नव्हतं. ते फक्त एका बाईला माहीत आहे.

घरी ताई शेंगा सोलत होती. शेजारी कोशाची एक प्रत उघडी पडली होती, पान तीनवर. चिठ्ठीवर पेन्सिलीने एकेका अक्षराखाली टिंब दिलेलं होतं, शेवटच्या शब्दापर्यंत. त्याने ते बघितलं आणि तो तिच्यासमोर खाली बसला.

"ताई," तो म्हणाला, "तो मुलगा बोगद्यातून बाहेर येतो का गं?"

"पुस्तकात बघ की."

"पुस्तकात नाहीये ते. तुझ्याजवळ आहे."

"होतं." तिने शेंगेतले दाणे ताटात पाडले. "चार दिवस लागले मला ती चिठ्ठी वाचायला. चिकटवायलाही चारच लागले होते."

"चुकलं माझं. सांग ना गं, ताई. एवढंच सांग."

ताईने रिकामी सालं गोळा केली, पदर झटकला आणि उठून पाटी काखेत घेतली.

"वगळलं ते, बाळ," ती म्हणाली. "भात झाकून ठेवलाय, वाढून घे." आणि ती दुकानात जायला निघाली.